बाबासाहेबांच्या भाषा मोजत बसू नका, भाषा शिका!

एप्रिल महिना आला की मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत आणि बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत प्रत्येक वस्तीच्या नाक्यावर जयंतीचे बॅनर लागतात. त्यावर बाबासाहेबांच्या पदव्या असतात आणि त्यांना किती भाषा येत होत्या याचा एक आकडाही असतो. कुठे नऊ, कुठे अकरा. मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांत तर हा आकडा दरवर्षी वाढतोच आहे. अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, त्यात गैर काही नाही. पण ज्या मंडळाच्या बॅनरवर हा आकडा झळकतो, त्या मंडळातल्या किती तरुण-तरुणींनी मराठी, हिंदी आणि इंग्रजी सोडून चौथी भाषा शिकायला घेतली आहे? हा प्रश्न आम्ही गेली काही वर्षे पूर्व उपनगरातल्या विहारांत आणि अभ्यासिकांत विचारत आलो आहोत. उत्तर बहुतेक वेळा एकच मिळते : "त्याचा उपयोग काय?"

आमच्या मते या प्रश्नातच आपले मोठे नुकसान दडलेले आहे. भाषा म्हणजे परीक्षेचा विषय, नोकरीची शिडी आणि साहेबासमोर बोलताना पाय लटपटू नयेत म्हणून घेतलेली काठी, एवढेच आपल्याला शिकवले गेले. शब्दांची गंमत घ्यायची असते, शब्द उलटून पालटून बघायचे असतात, दुसऱ्या देशातला माणूस तीच गोष्ट कशी म्हणतो हे ऐकून खुदकन हसायचे असते, हा आनंद आपल्या वाट्याला येऊच दिला गेला नाही. आणि ज्याचा आनंद घेता येत नाही, त्या गोष्टीवर माणसाची हुकमत कधीच येत नाही.

बाबासाहेबांनी भाषा कशा शिकल्या?

आकडा बाजूला ठेवू आणि रीत बघू. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये असताना बाबासाहेबांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षकाने नकार दिला. नाइलाजाने त्यांना फारसी घ्यावी लागली. त्याच फारसीत त्यांनी चांगले गुण मिळवले आणि पुढे इंग्रजी व फारसी हेच विषय घेऊन ते बी.ए. झाले. या देशातल्या एका भाषेचे दार त्यांच्या तोंडावर बंद झाले आणि बाहेरून आलेल्या एका भाषेने त्यांना आत घेतले, हे नीट लक्षात ठेवा. संस्कृतही त्यांनी सोडली नाही. शिक्षकाने नाकारलेली ती भाषा त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने आत्मसात केली आणि त्याच ग्रंथांचा आधार घेऊन 'शूद्र पूर्वी कोण होते?' या प्रश्नाचे उत्तर 1946 साली ग्रंथरूपाने दिले.

1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र यांच्या जोडीने फ्रेंच आणि जर्मन या भाषांचे वर्गही केले. 1921 मध्ये त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव नोंदवले. त्यासाठी पाठवलेला अर्ज आणि स्वतःची माहिती त्यांनी जर्मन भाषेत स्वतःच्या हाताने लिहिली होती. लंडनमधला अभ्यास आणि पैशांची ओढाताण यामुळे बॉनला राहून शिकणे झाले नाही, ती गोष्ट वेगळी. पण तिशीतला एक माणूस, पोटाला चिमटा घेऊन लंडनमध्ये अभ्यास करत असताना, तिसऱ्याच देशाच्या भाषेत अर्ज लिहितो, याला केवळ हुशारी म्हणून चालणार नाही. ही सवय आहे.

आणि पाली? राज्यघटना, मंत्रिपद, हिंदू कोड बिल, ढासळती प्रकृती या सगळ्या धकाधकीत बाबासाहेब पाली भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश तयार करत होते. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या मालिकेचा 16 वा खंड काढून बघा. अख्खा खंड पाली व्याकरण, शब्दकोश आणि बौद्ध पूजापाठ यांचा आहे. त्यात पाली शब्दांना इंग्रजी अर्थ आहेत आणि मराठी, हिंदी, गुजराती अर्थांचीही मांडणी आहे. एकेका शब्दासमोर इतक्या भाषांतले प्रतिशब्द मांडत बसणारा हा माणूस कोणत्या परीक्षेची तयारी करत होता? कोणत्याच नाही. शब्दांवर प्रेम असल्याशिवाय कोणी शब्दकोश करत नाही. आपल्या चळवळीने बाबासाहेबांची घटना घेतली, अर्थशास्त्र घेतले, धम्म घेतला. त्यांचे हे शब्दप्रेम मात्र त्या खंडातच राहिले.

'पानी' आणि 'चार इसा'

आपण शब्दांना का बिचकतो याचे कारण शोधायला फार लांब जायला नको. वेद कानावर पडले तर शूद्राच्या कानात वितळलेले शिसे आणि लाख ओतावी, असे गौतम धर्मसूत्र सांगते. ते शिसे आज दिसत नाही, पण त्याचे धाकटे भाऊ शाळेशाळेत जिवंत आहेत. मुलगा 'पानी' म्हणाला की वर्ग हसतो. 'आन् मंग' म्हणाला की बाई दुरुस्त करतात. 'लोनी', 'कोन', 'व्हता', 'न्हाई' या प्रत्येक शब्दाला 'अशुद्ध' असा शिक्का बसतो. पाच-दहा वर्षे हे सोसलेले मूल तोंड उघडण्याआधी शब्द तीनदा चाचपून बघते. पुढे तेच मूल मुलाखतीत गप्प बसते आणि आपण म्हणतो, "आपल्या पोरांत कॉन्फिडन्स नाही."

आता जरा शब्दाच्या मागे जाऊ. 'पाणी' हा शब्द आला 'पानीय' यावरून, म्हणजे पिण्याजोगे. संस्कृतात तो 'पानीय' आहे, पालीतही 'पानीय'च आहे. दोन्हीकडे 'न' आहे, 'ण' नाही! 'ण' आला तो पुढे प्राकृतात. म्हणजे ज्या 'न'साठी आपल्या लेकरांना हसले गेले, तो 'न' त्यांच्याच देवभाषेत मानाने बसलेला आहे. 'पाणी' चूक नाही आणि 'पानी'ही चूक नाही. चूक आहे ती हसणाऱ्याची. भाषेचे शास्त्र एवढे साधे सत्य सांगते, पण ते आपल्याला कोणी सांगितले नाही, कारण ते कळले तर हसायचे कोणाला?

दुसरे उदाहरण घ्या. आपल्या आज्या विसांत मोजायच्या. साठ म्हणजे तीन इसा, ऐंशी म्हणजे चार इसा, नव्वद म्हणजे चार इसा आन् धा. शाळा शिकलेली नातवंडे यावर हसत, "आजीला ऐंशी म्हणता येत नाही." आता फ्रेंच भाषेत ऐंशीला काय म्हणतात बघा : 'कात्र-व्हँ'. शब्दशः अर्थ, चार वीस. नव्वदला 'कात्र-व्हँ-दिस', म्हणजे चार वीस आणि दहा. पॅरिसच्या बँकेत बसलेला साहेब आणि सोलापूर-साताऱ्याच्या महारवाड्यातली आपली आजी एकाच हिशोबाने मोजतात! त्याचे मोजणे सुसंस्कृत आणि आजीचे अडाणी, हे कोणी ठरवले? हे भाषेने ठरवलेले नाही, जातीने आणि सत्तेने ठरवले आहे.

परदेशी भाषा शिकण्याचा पहिला फायदा आम्ही इथे धरतो. दुसऱ्याच्या भाषेत शिरलो की आपल्याच भाषेवर मारलेले शिक्के किती पोकळ आहेत ते कळते. आपल्या जिभेची लाज वाटणे बंद होते.

सगळे शून्यावर

आम्ही काही कार्यकर्ते घाटकोपर-विक्रोळी पट्ट्यात रविवारच्या वंदनेनंतर तासभर एकत्र बसून भाषा शिकतो. कोणी जर्मन, कोणी जपानी, काही जण पाली. शिकवणारे कोणी पंडित नाहीत. ज्याला दोन धडे जास्त येतात तो बाकीच्यांना सांगतो. बाकी आठवडाभर मोबाईलच्या ग्रुपवर एकमेकांना शब्द पाठवायचे, उच्चार रेकॉर्ड करून टाकायचे, चूक झाली तर दुरुस्त करायची. यातून जे लक्षात आले ते इथे मांडतो.

मराठीच्या तासाला जो मुलगा मागच्या बाकावर बसायचा, तो जर्मनच्या वेळी पुढे येतो. कारण उघड आहे. जर्मन कोणाच्याच घरी बोलली जात नाही. कोणाच्या आजोबांनी ती पाठ केलेली नाही, कोणाच्या आडनावाला तिचा वारसा नाही. पहिल्या दिवशी सगळे शून्यावर आणि सगळेच अशुद्ध. इथे चुकणे ही शिकण्याची पहिली पायरी असते, त्यात जात उघडी पडण्याची भीती नसते. हा अनुभव ज्याने आयुष्यात पहिल्यांदा घेतला, त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते बघण्यासारखे असते.

आणि मराठी येणाऱ्याला तर जर्मनमध्ये आयती मदत मिळते. इंग्रजी आणि हिंदी बोलणारे जर्मनच्या तीन लिंगांना घाबरतात. आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. जर्मनमध्ये मुलीसाठीचा 'मेडशेन' हा शब्द नपुंसकलिंगी आहे, हे ऐकून इंग्रजी माध्यमवाले डोके धरतात. आपल्या मालवणी मैत्रिणीला त्यात काहीच नवल वाटले नाही, कारण तिच्या घरी 'ता चेडू' असेच म्हणतात. आकड्यांचेही तसेच. जर्मन माणूस एकवीसला 'एक-आणि-वीस' म्हणतो, आपणही आधी एक मग वीस म्हणतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. जर्मन मुले आजही आपल्यासारखीच उलट बाजूने मोजतात आणि तरी त्यांच्याकडे इंजिनिअर होतातच.

जपानी तर आणखी जवळची वाटते. 'मी पाणी पितो' याचे जपानी वाक्य 'वाताशि वा मिझु ओ नोमिमासु'. आधी मी, मग पाणी, शेवटी पिणे. क्रम जसाच्या तसा मराठीचा. 'वाताशि नो होन' म्हणजे माझे पुस्तक. तो 'नो' आपल्या 'चा-ची-चे'सारखे काम करतो, फक्त त्याला लिंगाची कटकट नाही. आणि ज्याला जग 'झेन' म्हणून ओळखते, तो शब्द मुळात कोणाचा? संस्कृतात ध्यान, पालीत झान, चीनमध्ये गेल्यावर चान, जपानमध्ये पोचल्यावर झेन. बुद्धाच्या भूमीतून निघालेला शब्द हजारो मैल चालत गेला. त्याला नेणारे भिक्खू भाषा शिकले म्हणूनच तो पोचला.

पण चित्र रंगवून सांगायचे नाही. शून्याची रेघ पूर्ण सरळ नाही. परदेशी भाषेचे खासगी वर्ग हजारो रुपये घेतात. ड्युओलिंगोसारखी फुकट अॅप्स आहेत, पण परदेशी भाषेचे बहुतेक साहित्य इंग्रजीतून शिकवते. म्हणजे पालिकेच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला जर्मनच्या दारापर्यंत पोचायला आधी इंग्रजीचा जिना चढावा लागतो. घरात अभ्यासाला कोपरा नाही, आईबरोबर कामाला जायचे असते, रात्रीच मोबाईल हातात येतो. ही विषमता खरी आहे. म्हणूनच आम्ही म्हणतो की एकेकट्याने नव्हे, गटाने शिका. एकाला इंग्रजी येते, त्याने धडा मराठीत सांगावा. दुसरीचे अक्षर चांगले, तिने मराठी-जर्मन शब्दांची वही करावी. ती वही झेरॉक्स होऊन पुढच्या वस्तीत जावी. अॅप देत नाही ते साहित्य आपणच तयार करायचे आहे.

आक्षेप आणि आमचे उत्तर

पहिला आक्षेप : ही चैन आहे, आधी पोटापाण्याचे बघा. पोटापाण्याचा मुद्दा आम्हालाही मान्य आहे. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. नर्सिंग, वीज, नळजोडणी अशी कामे जाणणाऱ्यांना जर्मन शिकवून तिकडे पाठवायचे, अशी ती योजना. परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना केंद्राची आणि राज्याची शिष्यवृत्तीही आहे. तेव्हा भाषेला रोजगाराची बाजू आहेच, ती जरूर साधा. पण केवळ बाजारासाठी शिकलेल्या भाषेचे काय होते, हे मालाडच्या काचेच्या इमारतींत रात्रपाळी करणाऱ्या आपल्या भावा-बहिणींना विचारा. तिथे भाषा तासावर विकली जाते. नाव बदलून, उच्चार बदलून, दुसऱ्याच्या तक्रारी ऐकायला आपला आवाज भाड्याने दिला जातो. त्या भाषेत स्वतःचे एक वाक्य बोलायची मुभा नसते. आम्हाला कामगार हवेत, पण त्या भाषेत वाचणारे, वाद घालणारे, कविता ऐकणारे कामगार हवेत. जर्मनीतल्या रुग्णालयात काम करणाऱ्या आपल्या मुलीला तिथले वर्तमानपत्र वाचता आले आणि स्वतःच्या हक्कांची कलमे वाचता आली, तरच ती तिथे माणूस म्हणून उभी राहील.

दुसरा आक्षेप : इंग्रजी आली की पुरे. इंग्रजीचे महत्त्व आम्ही कमी करत नाही. ती आलीच पाहिजे. पण जगातले सगळे दबलेले लोक इंग्रजीत रडत नाहीत. हंगेरीतल्या रोमा समाजाच्या मुलांना शाळेत वेगळे बसवले जाते, त्यांच्याकडे चोराच्या नजरेने बघितले जाते. तिथल्या तिबोर देर्दाक आणि यानोश ओर्शोश यांना बाबासाहेब सापडले आणि 2007 मध्ये शायोकाझा या गावात डॉ. आंबेडकरांच्या नावाची शाळा उभी राहिली. तिथली मुले एकमेकांना 'जयभीम' म्हणतात. युरोपातल्या एका वस्तीत आपला शब्द जाऊन पोचला, पण आपल्यापैकी किती जणांना हंगेरियन भाषेत 'नमस्कार, तुम्ही कसे आहात?' एवढे तरी म्हणता येते? त्यांनी आपल्याकडे हात पुढे केला आहे. तो धरायला शब्द लागतात.

आपल्या चळवळीचा इतिहास बघा, ती नेहमीच बाहेर बघत आली आहे. जोतीरावांनी 1873 मध्ये आपले पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले. त्या पुस्तकाचे नाव 'गुलामगिरी'. त्यातला 'गुलाम' अरबी, 'गिरी' फारसी. शेटजी-भटजींना झोडपणाऱ्या त्या पुस्तकाच्या नावात संस्कृतचा एक कणही नाही! आपण रोज वापरतो ते अर्ज, हक्क, कायदा, वकील, फिर्याद, मजूर हे शब्दही अरबी-फारसीतून आलेले. महिन्याच्या शेवटी वाट बघतो तो 'पगार' पोर्तुगीजांचा. बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्यांचे उत्तरही आले. 1972 मध्ये दलित पँथरने नावच अमेरिकेतून घेतले. एलिनॉर झेलियट, गेल ऑम्वेट या अमेरिकन बायका मराठी शिकल्या, आपल्या वस्त्यांत बसल्या, आपल्या लोकांशी आपल्या भाषेत बोलल्या, म्हणून जगाला बाबासाहेबांची चळवळ आणि फुल्यांची सत्यशोधक परंपरा कळली. त्यांचे ऋण मान्य आहेच. पण आपल्यातल्या मुलीने फ्रेंच किंवा जपानी शिकून आपली गोष्ट थेट त्या लोकांना का सांगू नये? आपल्याबद्दल बोलणारे नेहमी दुसरेच का असावेत?

तिसरा आक्षेप नवा आहे : आता मोबाईल सगळे भाषांतर करतो, शिकायचे कशाला? भाषांतराचे यंत्र उपयोगी आहे, आम्हीही वापरतो. पण 'धम्म' शब्द त्यात घाला आणि काय येते ते बघा. बाबासाहेबांनी आपल्या शेवटच्या ग्रंथात, इंग्रजीत लिहितानासुद्धा, 'धम्म' हाच शब्द ठेवला आणि धम्म व धर्म यांतला फरक सविस्तर समजावून सांगितला. एका शब्दाचे भाषांतर न करणे हीसुद्धा एक भूमिका असते. ती भूमिका यंत्र घेत नाही. ती घ्यायला दोन्ही भाषा जाणणारा आणि मधली दरी ओळखणारा माणूस लागतो.

पाली : परदेशातून परत आलेली आपली भाषा

काही जण म्हणतील, परदेशी भाषा सोडा, आधी पाली शिका. आमचे म्हणणे आहे की दोन्ही एकाच कामाच्या बाजू आहेत. बुद्धवचन छंदस् भाषेत, म्हणजे वेदांच्या धाटणीत बसवावे, अशी विनंती ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी तथागतांना केली होती. तथागतांनी ती नाकारली आणि बोलीतच धम्म शिकायला सांगितले, असे विनयपिटकातल्या चुल्लवग्गात आहे. लोकांच्या भाषेचा एवढा मान राखणारा दुसरा शास्ता दाखवा! तीच पाली या देशातून हद्दपार झाली आणि सिंहल, ब्रह्मदेश, सयाम इथे जगली. गोव्यातले धर्मानंद कोसंबी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिलोनला गेले ते पाली शिकायलाच. म्हणजे आपली भाषा आपल्याला परदेशी भाषेसारखी, समुद्र ओलांडून शिकावी लागली.

आजची स्थिती काय? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतल्या वैकल्पिक विषयांतून 2013 मध्ये पाली वगळली गेली, संस्कृत मात्र राहिली. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीबरोबर पाली आणि प्राकृत यांनाही अभिजात दर्जा मिळाला. मराठीच्या दर्जाचे ढोल वाजले, पालीचे अभिनंदन कुठे ऐकू आले? दर्जा कागदावर मिळतो, भाषा तोंडात राहिली तरच टिकते.

आणि ती आपल्या तोंडात आहे! आपल्या महिला मंडळातली निरक्षर आजीसुद्धा त्रिसरण-पंचशील पालीत खणखणीत म्हणते. तिला फक्त अर्थाची किल्ली द्यायची आहे. 'गच्छामि' म्हणजे मी जातो, शेवटचा 'मि' म्हणजे मी. 'गच्छाम' म्हणजे आपण जातो. 'दुतियम्पि' दुसऱ्यांदाही, 'ततियम्पि' तिसऱ्यांदाही, त्यातला 'पि' हा आपला 'ही'. एवढे सांगितले की वंदना म्हणता म्हणता व्याकरण उलगडू लागते. मग हस्त-हत्थ-हात, अष्ट-अट्ठ-आठ, कर्म-कम्म-काम, दुग्ध-दुद्ध-दूध अशा जोड्या लावायचा खेळ मुले स्वतःहून सुरू करतात. जोडाक्षरांचे काटे बोलणाऱ्या माणसांच्या तोंडात कसे झिजत गेले ते त्यांना दिसते. 'अशुद्ध' म्हणून हिणवलेली बोली हीच भाषेची खरी चाल असते, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही.

काय करायचे?

भाषणे पुष्कळ झाली. करता येईल असे थोडे सांगतो. प्रत्येक विहारात आठवड्याचा एक तास भाषेसाठी राखून ठेवा. वेळ अशी ठेवा की मुलींना आणि कामावरून येणाऱ्या बायकांना बसता येईल, नाहीतर तो पुन्हा पोरांचाच कट्टा होईल. तीन माणसे पुरेत. भाषा गटाने निवडावी आणि वर्षभर ती सोडू नये. चुकणाऱ्याला कोणी हसायचे नाही, हा पहिला आणि शेवटचा नियम. शिकलेला प्रत्येक शब्द मराठी अर्थासह आणि आपल्या घरच्या बोलीतल्या शब्दासह वहीत लिहा. ज्यांना रीतसर शिकायचे आहे त्यांच्यासाठी कलिन्याला मुंबई विद्यापीठात पाली, जर्मन, फ्रेंच यांचे विभाग आहेत. त्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांची चौकशी करा. पदवीचे वय उलटले म्हणून मागे फिरू नका.

वर्षातून एकदा मुलांना बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांवर न्या, पण केवळ सहलीला नको. आधी ब्राह्मी लिपीची दहा-पंधरा अक्षरे शिकवा आणि तिथल्या शिलालेखांत ती शोधायला लावा. भिंतीवर कोरलेले अक्षर स्वतः ओळखले की मूल ओरडतेच. त्याच कान्हेरीत अकराव्या शतकात आलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत, 1009 आणि 1021 या सालांची. हजार वर्षांपूर्वी आपल्या उपनगरातल्या डोंगरावर परदेशी भाषा बोलणारे लोक आले, बौद्ध लेण्यात थांबले आणि आपली अक्षरे मागे ठेवून गेले. कान्हेरी कोणाला परकी नव्हती आणि कान्हेरीला कोणी परके नव्हते. भाषेची कुंपणे नंतर घातली गेली, आणि ती कोणी घातली हे आपल्याला ठाऊक आहे.

तेव्हा मित्र-मैत्रिणींनो, येत्या रविवारी वंदना झाली की लगेच पांगू नका. तिघे जण बसा, एक भाषा निवडा आणि पहिले दहा शब्द म्हणा. चुकीचे म्हणा, पण मोठ्याने म्हणा.

जयभीम! नमो बुद्धाय!